तोंडाने सांगा, कानाने लिहितो

मला पत्रक लिहिता येतं. बाकी काही येवो न येवो, अर्ध्या पानात माणसाला चीड कशी आणायची ते मी कॉलेजात असतानाच शिकले. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. मुलुंडमध्ये कुणी फुटपाथ खोदून ठेवला, पाण्याची वेळ न सांगता बदलली, की दोन दिवसांत आमचं पत्रक दारात. वर ठळक शीर्षक, खाली तीन मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. त्यामुळे आमच्या नेहमीच्या हॉटेलात टेबलावर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला बघितला, तेव्हा माझ्या डोक्यात आधी शीर्षकच आलं.

त्या हॉटेलात माझे काका वेटर आहेत. मावशीचे यजमान. नाहूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. हॉटेलात मेनू कार्ड कधीच नव्हतं. भिंतीवर एक पाटी होती आणि काका होते. गिऱ्हाईक बसलं की काका पाण्याचा ग्लास ठेवत ठेवत अख्खा मेनू एका दमात म्हणायचे, इडलीपासून फालुद्यापर्यंत. हातात वही नाही, पेन नाही. सहा जणांची ऑर्डर घेऊन आत जायचे आणि एकही वस्तू चुकायची नाही. कुणी पाटीकडे बोट दाखवून "ते एक द्या" म्हणालं, की ठरलेलं उत्तर: "तुम्ही तोंडाने सांगा, मी कानाने लिहितो." लोक हसायचे. मीही हसायचे. आमच्या गटात ते वाक्य म्हणच झालं होतं.

मग शेठने रंग काढला, पाटी उतरवली, पदार्थ दुप्पट केले आणि टेबलाटेबलावर क्यूआर कोड डकवले. मी स्कॅन केलं. आधी मोबाईल नंबर मागितला. मग वाढदिवस. डोसा खायला वाढदिवस कशाला लागतो? एवढं सगळं दिल्यावर मेनू उघडला तो इंग्रजीत, आणि बोटाने मोठा करायला गेलं की पळून जाणारा. शेजारच्या टेबलावर एक आजी-आजोबा त्या स्टिकरकडे बघत बसले होते. दोन चहा घेऊन उठून गेले. माझं डोकं फिरलं.

"काका, तुम्हाला राग येत नाही? तुमचं काम काढून घेतलं यांनी."

"माका त्या मोबाईलातला काय कळणा नाय," काका म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी मजेत, जवळजवळ ऐटीत म्हटलं. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ते तसंच सांगत होते: "साहेब, मोबाईलमधलं आपल्याला जमत नाय, तुम्हीच वाचून दाखवा." लोक वाचून दाखवायचे. काका ऐकायचे, आत जायचे. मला ती लाचारी वाटली. मी पत्रक काढलं.

"जेवायचं की माहिती पुरवायची?" हे शीर्षक. पहिली मागणी, छापील मेनू. दुसरी, तो मराठीतही हवा. तिसरी, नंबर-वाढदिवस मागणं बंद. मध्ये एक अख्खा परिच्छेद काकांवर, नाव न घेता: तीस वर्षं ज्याने मेनू जिभेवर वागवला त्याला एका स्टिकरने मुका केलं, वगैरे. छापायच्या आधी काकांना दाखवला. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "तूच वाच गो. तुझ्या तोंडून ऐकाक बरा वाटता." मी फुगले. उभी राहून, हातवारे करून वाचला. "झकास लिवलंस," म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला.

आम्ही हॉटेलबाहेर चार संध्याकाळी उभे राहिलो, सह्या घेतल्या. पाचव्या दिवशी शेठने हात जोडले. "छापतो मॅडम, छापतो. मराठीत छापतो. तुम्ही फक्त गिऱ्हाईक अडवू नका."

जिंकलो की! कार्डं आली त्या दिवशी आम्ही तिघी गेलो. चकचकीत, चार पानी, मराठीत. मी एका ओळीवर बोट ठेवलं. "काका, हे एक, आणि खालचं हे एक."

"तोंडान सांग."

"आता कशाला? एवढं भांडून कार्ड आणलंय. मराठीत आहे, वाचा की!" हे मी मोठ्याने म्हटलं. मला मोठ्यानेच बोलता येतं.

काकांनी कार्डाकडे बघितलं. आत गेले. थोड्या वेळाने कांदाभजी आणि मिसळ घेऊन आले. मी नेहमी तेच खाते. पण त्या दिवशी मी बोट ठेवलं होतं ते कोथिंबीर वडीवर आणि घावनावर.

"अहो, हे नाही सांगितलं मी."

"ता संपला," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून हाक आली, "ओ मामा, मी उत्तप्पा सांगितला होता ना यार, हे काय आणलंत?" गल्ल्यावरून शेठ बघत होता.

मी मिसळीची वाटी बाजूला सारली. पाटीकडे बोट दाखवणारी माणसं. तोंडाने सांगा. तूच वाच गो. इतक्या वर्षांत मला एकदाही शंका आली नाही, आणि मी स्वतःला डोळे उघडे ठेवून जगणारी समजते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेल रिकामं असताना काकांना मागच्या गल्लीत गाठलं. मी काही विचारायच्या आधी तेच बोलले.

"शेठ म्हणता, डोळे तपासून घ्या. 'आठ दिवस बघतंय,' असा तो म्हणालो. परत ऑर्डर चुकली तर आत बसायचा, पार्सल बांधूक."

"काका, मला का नाही सांगितलंत?"

"तुका कित्याक सांगू? आणि माझी बाजू घेऊक तुका कोणी सांगितलेला?" आवाज चढला त्यांचा. "गो, मोबाईल नाय कळणा म्हटला की कोण हसत नाय. माझ्या वयाच्या कोणाकच कळणा नाय. शेठच्या बापाशीक पण नाय. पहिल्यांदा मी चारचौघांत सांगूक शकलंय की माका वाचूक येणा नाय, आणि कोणी माझ्याकडे वळून बघितला नाय. ता तू बंद केलंस."

मी लगेच कार्यक्रम मांडला. "मी शिकवते तुम्हाला वाचायला. रोज एक तास. आम्ही वर्ग चालवतो..."

"आठ दिवसांत? माका वाचूक नको. माका पाठ व्हया."

मग सहा संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो, पाण्याच्या टाकीला टेकून. हॉटेलातून आणलेलं कार्ड काकांच्या हातात. मी एकेक ओळ वाचायची, ते त्यावर बोट ठेवायचे. "पहिला पान, डावीकडे, तिसरी ओळ." अक्षरांशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण खुणा पक्क्या धरत होते. "ह्याच्या डोक्यार दोन काठये," "ह्या सगळ्यात लांब," "ह्येचा पोट फुगलेला." तिसऱ्या संध्याकाळी मी कुठेही बोट टेकवलं की नाव बाहेर. मी पाठ करणारी माणसं बघितलीत, आमच्या सभांमध्ये भाषणं पाठ करून येतात. असं कुणी बघितलं नव्हतं.

वाचता वाचता माझा लाल पेन केव्हा बाहेर आला कळलं नाही. सवय आहे. पनीर ऱ्हस्व, दही ऱ्हस्व, कोथिंबिरीच्या 'थि'ला दीर्घ, एका पानावर उत्तप्पा आणि दुसऱ्यावर उतप्पा. मी गोल करत सुटले.

"खुणा कसल्यो?"

"चुका आहेत. शेठला सांगते, परत छापून घेऊ. परत छापायचंच तर चायनीज वर घ्यायचं म्हणतच होता तो..."

मी तिथेच थांबले. चायनीज वर गेलं की पाठ केलेली प्रत्येक ओळ खाली सरकणार होती. काकांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, थुंकी लावून बोटाने लाल गोल पुसायला लागले. चकचकीत कागद, पुसलेही गेले.

ही सगळी गोष्ट लिहू का, असं मी नंतर त्यांना विचारलं. "लिव. नाव घालू नको, हॉटेलाचा पण नको. आणि माझ्यासाठी अजून एक पत्रक काढू नको म्हणजे झाला."

आठव्या दिवशी मी हॉटेलात गेले. शेठ स्वतः उठून टेबलाशी आला. काका शेजारचं टेबल पुसत होते.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. एकदा नजर घाला कार्डावर. मराठीत काही चुकलं असेल तर सांगा, प्रेसवाला अजून बदलून देतोय."

काकांचा फडका थांबला.

मी कार्ड उघडलं. पहिल्या पानावरच दह्याची वेलांटी मला टोचत होती. पिशवीत लाल पेन होता. आयुष्यात मी खोटं पत्रक काढलेलं नाही, आणि दिसलेली चूक सोडलेली नाही.

"एकही चूक नाही," मी म्हटलं.

शेठ खूश होऊन गल्ल्यावर गेला. मी बोट टेकवलं, दुसरं पान, उजवीकडे, पाचवी ओळ. काकांनी ओझरतं बघितलं आणि आत वळून ओरडले, "एक कोथिंबीर वडी!"

बोलताना 'थि'ची वेलांटी अगदी बरोबर पडली होती. कार्डावर अजून दीर्घच आहे. मी दर आठवड्याला जाते, तिच्याकडे बघते, आणि पेन पिशवीतच ठेवते.