दोन मिनिटं, हलक्या हातानं

माझी लेक जगाचे दात घासते आणि स्वतःच्या दातांची वाट लावते. ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. वय एकतीस, आणि खालच्या दोन दातांवरची हिरडी आत्ताच सरकली आहे. अशीच घासत राहिली तर दात हलायला लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलंय.

ती वृद्धाश्रमात सेविका आहे. ज्यांचे हात थरथरतात त्यांचे दात ती घासून देते, म्हणून तिथे सगळे तिला ‘दातवाली’ म्हणतात. रविवारी मी गेले तेव्हा ती एका निवृत्त मास्तरांसमोर स्टुलावर बसली होती. मऊ केसांचा लहानसा ब्रश, पेन धरावं तसा चिमटीत. हिरडीच्या कडेला तिरका टेकवून ती एकेका दातावर इवली इवली वर्तुळं काढत होती. मध्येच मास्तरांनी तिचा हात बाजूला केला. "अक्षर वळणदार आहे, पण पेपर वेळेत सुटायला हवा." ती हसली आणि तितक्याच सावकाश पुढच्या दाताकडे वळली.

नंतर तिच्या खोलीवर गेलो. बेसिनवरच्या पेल्यात तिचा स्वतःचा ब्रश होता: कडक, केस चारी दिशांना फिसकारलेले. हा भांड्यांचा का, असं मी विचारलं. मग माझी टकळी सुरू झाली. दातांवरचा थर मऊच असतो, त्याला जोर नको, वेळ हवा, हे तूच मला शिकवलंस ना, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कळतं गं. पण माझ्या तोंडात ब्रश गेला की तुझाच आवाज येतो, आई. जोर लाव, हातात जीव नाही का?"

शाळेची बस चुकेल म्हणून न्हाणीघराच्या दारात उभी राहून मी रोज हेच ओरडायचे. फेस गुलाबी झाला की मला वाटायचं, आता कसे स्वच्छ निघाले.

निघताना तिच्या पर्समध्ये एक मऊ ब्रश सरकवून आले. तो अजून पाकिटातच असणार, मी ओळखते तिला.

रात्रीचे साडेदहा वाजलेत, म्हणजे ती कामाची पाळी संपवून आली असेल. माफी मागून सरकलेली हिरडी परत यायची नाही. पण फोन तर लावता येईल. सांगेन, तो ब्रश काढ, फोन बेसिनवर ठेव. दोन मिनिटं मी इथेच आहे. सावकाश घास, बाळा, आज कुठलीही बस पकडायची नाहीये.