घडीच्या पात्याचा बाण

त्या माणसाला कुणी दारुडा म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. त्या दिवशी तो थेंबभरही प्यायला नव्हता. मी सकाळपासून तिथेच होते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना आमचं गाव लागतं. वडील लोहार. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरीच होते. कातकरवाडीतला एक शिकारी वडिलांकडून बाणांची पाती घडवून न्यायचा. एकसंध लोखंडाचं, पिंपळाच्या पानासारखं पातं, दोन्ही कडांना धार. भाताला लोंब्या आल्या की रानडुकरं शेतं तुडवायची आणि गाव त्यालाच बोलवायचं.

त्या वर्षी पाटलांच्या शेतात डुकरं शिरली. पाटलांचे जावई परदेशी जहाजावर नोकरीला. त्यांनी येताना बाणाची तीन नवी टोकं आणली होती. पाती आत मिटलेली, वर रबराची बारीक रिंग. बाण लागला की पाती उघडतात आणि मोठी जखम होते, असं ते सगळ्यांना सांगत होते. ती टोकं वेळूच्या काठीला बसवून घ्यायला पाटील, जावई आणि शिकारी तिघेही आमच्या भट्टीवर आले.

वडिलांनी टोक हातात फिरवून पाहिलं. "पाती उघडन्यातच निम्मा जोर जाईल. याचं धनुष्य बांबूचं. डुकराच्या खांद्यावरची कातडी ढालीवानी. ह्ये आत जानार नाय."

"विलायती मालातलं तुला काय कळतं?" पाटील म्हणाले.

शिकारी हळूच म्हणाला, "माजा न्हेमीचाच बान बरा हाय, सायेब."

"एकदा मारून तर बघ," जावई हसले. "मला बघायचंय."

तो पाटलांकडे बघत राहिला. त्याची झोपडी पाटलांच्या माळावर होती. पाटलांनी फक्त भुवया उंचावल्या. त्याने टोक उचलून वडिलांपुढे धरलं. वडिलांनीही ते वेळूच्या काठीला बसवून दिलं. त्याचा राग मी कित्येक वर्षं मनात धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डुकरांना जाळीतून हुसकायला हाका निघाला. आम्ही बाया बांधावर उभं राहून डबे वाजवत होतो. डुक्कर करवंदीच्या जाळीतून सरळ शिकाऱ्यासमोर आलं. वीस पावलांवरून त्याने बाण सोडला आणि तो बरोबर खांद्यावर लागला. लागला आणि उडून खाली पडला. डुक्कर वळलं. त्याने सुळ्याने शिकाऱ्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली आणि ते रानात गेलं. जावई तोवर आंब्यावर चढले होते.

त्याला डोलीत घालून पोलादपूरला आणि तिथून एस्टीने महाडच्या दवाखान्यात नेलं. मी मात्र मागे राहून गवतात बाण शोधला. पाती तशीच मिटलेली. रबराची रिंगसुद्धा सुटली नव्हती.

संध्याकाळी पाटील ओसरीवर चार माणसांना सांगत होते, "प्यायला होता. हात हलला, नेम चुकला." मी तिथे गेले आणि बाण त्यांच्यासमोर टाकला.

"नेम चुकला नाही. हे उघडलंच नाही. माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, त्यानेही सांगितलं होतं."

"पोरी, घरी जा," पाटील शांतपणे म्हणाले. "आणि गवगवा केलास तर लक्षात ठेव, परवानगीशिवाय शिकार म्हणजे गुन्हा. धरतील ते त्यालाच."

हाका कुणी लावला, बाण कुणी दिला, हे ओसरीवरच्या चौघांनाही ठाऊक होतं. एकजण उठून पान थुंकायला गेला. पाटलांनी बाण उचलून आत नेला.

पाय वाचला, पण वाकडा झाला. शिकार कायमची सुटली. मी महाडला भेटायला गेले तेव्हा तो खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "चूक माजीच गो. मी नाय म्हनायला हवं व्हतं."

मी तिथेच ओरडले, "तुम्ही म्हणाला होतात! मी ऐकलंय!" शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. त्याने मान खाली घातली. माझं म्हणणं त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही.