दार उघडेपर्यंत

याकोब गेल्याची बातमी मला शाळेत कळली. कल्याण स्टेशनातला एक हमाल ठाण्याला आला होता, वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमचे दिवेवाले गेले हो... तापानं." मी तसाच धावत सुटलो. कल्याणला उतरून पाहतो, तर एका पायात माझा जोडा आणि दुसऱ्यात हेडमास्तरांचा! मला धड रडताही येईना. कारण याकोब असता तर आधी माझ्या पायांकडे बघून पोटभर हसला असता. आज त्याला महिना होऊन गेला...

याकोब स्टेशनातल्या कंदिलांत तेल भरी, काचा पुशी. ज्यांची सावली पडली तरी आमच्या घरी आंघोळ करीत, त्यांच्यात तो जन्मलेला. आणि मी कल्याणच्या अप्पा भिक्षुकांचा मुलगा. ओळख झाली ती प्रार्थनेच्या खोलीत. माझा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी जेवण त्याच्याकडेच होतं. पाळक आशीर्वाद मागताहेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मी पठ्ठ्या जन्माच्या सवयीनं ताटाभोवती पाणी फिरवून, चित्राहुतीची शितं मांडून मोकळा! याकोबची बायको राहेल पदराआड खुदखुदली. "हे काय मांडलंय?" पाळक गरजले. याकोब शांतपणे म्हणाला, "असू द्या, पाळकसाहेब. माणूस आलाय, हात अजून घरीच आहेत. येतील मागून."

हात आले, मन मात्र परतीच्या वाटेला लागलं. प्रार्थनेला बसलो की वाटे, आपण भिंतीशी बोलतोय, पलीकडे कुणीच नाही. अशातच आईचा निरोप आला : अप्पा घटस्फोट करणार, जित्या मुलाच्या नावानं मडकं फोडून त्याला मेला म्हणणार, त्याआधी ये, प्रायश्चित्त घे. मी याकोबला सांगितलं, "मी परत जातो. तुमचा देव मला काही भेटला नाही." तो समजूत घालील म्हणून मी खंडनाचे मुद्देसुद्धा तयार ठेवले होते. तो एवढंच म्हणाला, "कधी निघायचं, पंत?" आणि त्यानं माझं गाठोडं उचललं.

आमच्या आळीच्या तोंडाशी तो थांबला. पुढे त्याला येता येत नव्हतं. "तुम्ही आत जाईस्तोवर उभा राहतो," म्हणाला.

"कशाला रे?"

"दार उघडलं तर बरंच. नाही उघडलं, तर माणसानं वळून बघावं आणि मागं कुणीच नसावं, असं नको."

दार उघडलं. दारात अप्पा, त्यांच्यामागे डोळे पुसणारी आई. "ये," अप्पा म्हणाले, "आधी विहिरीवर चल." मी पाऊल उचललं, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आळीच्या टोकाला गेली. भर उन्हात याकोब उभा, काखेत माझं गाठोडं. घरी परतायला निघालेला मी वीर गाठोडं त्याच्याकडेच विसरलो होतो!

"तो कोण?"

'कुणी नाही' म्हटलं असतं, तर संपलं होतं. पण माझं तोंड मला विचारून कधी बोललंय? ते बोलून गेलं, "माझा भाऊ."

वाचकहो, मी बोलघेवडा माणूस, पण त्या क्षणापाशी माझे शब्द आजही लटपटतात. ज्याला मी भिंतीकडे तोंड करून हाका मारीत होतो, तो समोर नव्हताच. तो पाठीशी होता. मला न ओढता, न अडवता, मी त्याला सोडून जात असतानाही माझ्यासाठी उन्हात थांबलेला. असं वाटलं, की पायातले जोडे काढावेत...

दार लागलं. आतून आईचं रडणं ऐकू आलं. ती मला पुन्हा दिसली नाही.

याकोबनं गाठोडं खांद्यावर टाकलं. "चला, राहेलनं भात टाकलाय."

"म्हणजे मी परत येणार, हे तुला ठाऊक होतं?"

"छे हो! तुम्ही आला नसता, तर मी दोघांचं जेवलो असतो."

त्याला माती दिली त्या दुपारी मंडळी पांगली. मी तिथेच उभा होतो. फाटकापाशी गेलेली राहेल वळून म्हणाली, "मास्तर, चला की. ऊन बघा केवढं!"

"तू हो पुढं. तो आत जाईस्तोवर थांबतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मागे आली आणि शेजारी उभी राहिली. तिथे आम्ही दोघंच होतो. मला मात्र तसं वाटलं नाही.