मुलीकडचे की मुलाकडचे

माझ्या सासूबाईंना खेळांतलं ओ की ठो कळत नसे. पण ऑलिंपिकचं उद्घाटन त्यांनी कधी चुकवलं नाही. सगळ्या देशांचे खेळाडू ठेवणीतले कपडे घालून ओळीने येतात, ते बघायला त्या टीव्हीसमोर अशा बसत, जशा मंगल कार्यालयात पहिल्या रांगेत बसत. शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी कुणी मध्ये बोलायचं नसे. बोलायच्या त्या एकट्याच.

पथक आलं की आधी ठरायचं, हे मुलीकडचे की मुलाकडचे. सगळं मॅचिंग, कडक इस्त्री आणि चेहऱ्यावर ताण असला की मुलीकडचे. कोटाची बटणं उघडी टाकून, स्वतःचेच फोटो काढत रेंगाळणारे ते मुलाकडचे. पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून एक देश आला, तेव्हा म्हणाल्या, "हे वाढपी. यांना पुढच्या दाराने कुणी सोडलं?" आपल्या मुली एकदा साडीवर कोट घालून आल्या. "निघाल्या मुख्याध्यापिका तपासणीला." मी हसून हसून बेजार व्हायचे. त्याच बोलण्याने एरवी माझं रक्तही तितकंच आटवलेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हौसेने आणलेली जांभळी साडी नेसले, तर त्यांनी वर-खाली बघितलं. "रंग चांगला आहे. तुझ्यावर नाही."

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. पुरणपोळी जमून आली तर "खाल्ली जाते", आणि फारच जमली तर "चालेल". 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून मी संसाराच्या इतक्या वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये काही दिवसांनी तोंडातून पहिला शब्द आला, तो 'छान'. आम्हाला केवढा आनंद झाला. पण त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही. पाणी हवं असलं तरी छान, पाय दुखला तरी छान. संध्याकाळचं स्तोत्र मी लावायचे तर त्याच चालीवर छान, छान, छान. बघायला येणारी माणसं म्हणायची, किती गोड झाल्या हो, किती शांत. माझा नवराही म्हणायला लागला, "आई आता समाधानी वाटते." मला या सगळ्यांचा राग यायचा. ही गोड बाई कोण होती, मला माहीत नव्हतं. मी सांभाळत होते, भरवत होते, पण माझी सासू मला त्यात कुठे दिसत नव्हती.

घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता बरेच महिने झालेत, यापुढे फार बोलणं येईल असं धरून चालू नका. तरी कधी कधी जुन्या सवयीचं बोलणं अचानक बाहेर पडतं, म्हणाल्या. त्यांच्या आवडीचं काही असेल तर ते समोर ठेवून बघा. त्याच महिन्यात ऑलिंपिक होतं. मी मनाशी धरूनच बसले, की बोलल्या तर त्या यावेळीच बोलतील, नाहीतर संपलं.

उद्घाटन आपल्याकडे रात्रीचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवत होते ते मी लावलं. त्यांना आंघोळ घातली, केस विंचरले, पाठीला उशा लावून खुर्चीत बसवलं. यावेळी मैदान नव्हतं, खेळाडू नदीतून होड्यांमधून येत होते आणि वर धो धो पाऊस. चांगल्या चांगल्या कोटांवर प्लॅस्टिकचे रेनकोट चढवलेले लोक झेंडे हलवत होते. यावर त्या काय काय बोलल्या असत्या!

"आई, हे मुलीकडचे की मुलाकडचे?"

"छान."

पुढची होडी. "आणि हे? कापड बघा ना, पडद्याचं वाटतंय."

"छान."

मी विचारत राहिले. तासभर हेच. शेवटी आपली होडी आली. पांढऱ्या साड्या, त्यावर केशरी आणि हिरवं छापील काम. त्यांची डावी भुवई वर गेली. ती भुवई मी लग्नापासून ओळखते, ती वर गेली की कुणाची तरी धडगत नसे. मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या पुढे झुकल्या, श्वास घेतला, डावं बोट पडद्यावर रोखलं.

"छान," त्या म्हणाल्या. मग जोरात, "छान! छान!"

स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "आवडलेलं दिसतंय आईला."

त्यांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. आणि डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला तो मी धरला. त्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या कुठेही गेलेल्या नव्हत्या. सगळे महिने आतच होत्या, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काय बोलायचं ते त्यांच्याकडे तयार होतं, आणि बाहेर पडत होतं ते हे. आम्ही त्याला समाधान म्हणत होतो.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पंधरा ऑगस्टच्या शाळेतल्या बाई, असं म्हणायचंय का?" त्यांनी हात सोडवून झटकला. ते नव्हतं. "टेबलक्लॉथ?" पुन्हा झटकला. मी आणखी दोन-तीन नावं सांगितली, मला सुचतील तशी, आणि माझी मलाच ती फिकी वाटत होती. त्यांचं नक्की यापेक्षा चांगलं होतं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि पडद्यावरून नजर काढून घेतली.

नवरा चहा घेऊन आला. बशीत ओतून त्याने त्यांच्या ओठांना लावला आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना, आई?"

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. उत्तर द्यायला नको म्हणून त्यांनी तो चहा घेतलाच नाही.