मस्नियाहची कचऱ्याची होडी

इंडोनेशियातल्या बंजरमासीन शहराच्या ज्या ओढ्यावर मस्नियाहचं घर आहे, तिथे घरं पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून हात बाहेर काढला की कचरा थेट पाण्यात. मस्नियाहच्या आईने तेच केलं, तिनेही तेच केलं.

पंधरा-वीस वर्षं तिने होडीतून केळ्याची भजी आणि तांदळाच्या गोड वड्या विकल्या. पुढे पलीकडे रस्ता झाला, दुकानं आली, आणि गिऱ्हाईक तुटलं. नवरा कोळसा वाहणाऱ्या पडावावर कामाला, महिनोन्‌महिने बाहेर. अशात वस्तीच्या मुखियाने तिला विचारलं, कचऱ्याची गाडी इथवर येत नाही, तर तू होडीतून गोळा करून पलीकडे रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोचवशील का? घरटी थोडे पैसे मिळतील. ती हो म्हणाली. नणंद नूरसेहान मात्र तोंडावर बोलली, "कालपर्यंत या होडीतून खायला घेत होतो. आता जवळ आलीस तर नाक दाबायचं का?" मस्नियाहला ते लागलं.

मुखियाने नमाजघरात सभा घेतली. पैसे द्यायला कोण तयार आहे, विचारल्यावर एकूण एक हात वर. महिनाअखेरी मस्नियाह दारोदार गेली, तेव्हा मात्र कोणाकडे सुटे नव्हते, कोणाचा नवरा घरी नव्हता. कचरा निम्मा तिच्याकडे, निम्मा पाण्यात.

खरं काय ते सांगितलं नीनी जमराहने, म्हणजे जमराह आजीने. ही म्हातारी पूर्वीची सुईण, अर्धी वस्ती तिच्याच हातावर जन्मलेली.

"सगळ्यांनी हात वर केला म्हणून मीही केला," ती म्हणाली. "पण मस्नियाह, मी पैसे द्यायचे आणि वरच्या अंगाचा दुकानदार स्याहरान सगळं टाकणार पाण्यात. ते येऊन अडकणार माझ्याच खांबांना. मग मी कशाला देऊ? त्याने दिले तर मीही देईन."

मस्नियाह पुन्हा घरोघर फिरली. या वेळी पैसे मागितले नाहीत, नुसतं विचारलं. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता. संध्याकाळी परतताना तिला हलकं वाटलं. द्यायचं नाही असं कोणाच्याच मनात नव्हतं. पहिलं कोण, एवढ्यावरच गाडं अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नीनीला होडीत बसवलं. नीनीने आधी स्वतःचे पैसे डब्यात टाकले आणि डबा मांडीवर घेतला. होडी निघाली ती थेट वरच्या टोकाला, हाजी स्याहरानच्या किराणा दुकानापाशी.

हाजी म्हणाला, "नदी फुकट नेते की, नीनी."

"नेते. आणि भरती आली की परत आणते," नीनी म्हणाली. "कॉफीच्या एवढ्या रिकाम्या पुड्या या ओळीत दुसऱ्या कोणाच्या असतात, ते तूच सांग."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. हाजीही ओशाळून हसला. दुकान उघडायच्या आधी यायचं, अशी अट घालून त्याने पैसे दिले. मग प्रत्येक मागच्या दारापाशी नीनी मोठ्याने सांगत गेली, हाजीने दिले, अमकीने दिले. दारं आपोआप उघडू लागली. ज्यांना पैसे जड होते त्यांच्याकडून मस्नियाहने बाटल्या आणि पत्र्याचे डबे वेगळे करून घेतले. भंगारवाला त्याचे पैसे देतो.

सगळं एकदम सुधारलं नाही. टोकाची दोन-तीन घरं अजून अंधार पडला की पाण्यात टाकतात. पण खांबांमधली जागा मोकळी झालीय, ओहोटीला पूर्वीसारखी दुर्गंधी येत नाही. नूरसेहान आता बाटल्या धुऊन, बांधून ठेवते, आणि वहिनीला चहा घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

परवा समोरच्या काठाच्या बायकांनी निरोप धाडला, आमच्याकडेही ये. एका होडीने दोन्ही काठ होणार नाहीत. नवरा सुट्टीवर आला की दुसरी होडी बघायची, असं मस्नियाहने ठरवलंय. ती वल्हवायला नूरसेहान तयार आहे.