पुसायची रांगोळी

दिवाळीत आमच्या छोट्या शहरातल्या शाळेत रांगोळीचं प्रदर्शन भरतं. यंदा शेजारच्या शालिनीताईंनी आपल्या मुलीचा चेहरा काढला होता. ती उन्हाळ्यात तापाने गेली. बघायला येणारी माणसं त्या चेहऱ्यापाशी थबकत. शेवटच्या दुपारी शिपाई झाडू घेऊन आला, तेव्हा ताई म्हणाल्या, "थांबा, मीच पुसते."

त्यांनी तळहाताने आधी केस पुसले, मग हनुवटी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डोळे तेवढे तुम्ही पुसा. माझ्याने नाही होत."

रांगोळी पुसण्यासाठीच असते, असं मी दरवर्षी किती सहज म्हणत आले! मी खाली बसले. ती पोर माझ्याकडेच बघत होती. शेवटी मी माझे डोळे मिटले आणि हात फिरवला.