इन्शिराहचा रुसलेला घसा

अलेक्झांड्रियात अन्फूशीच्या गल्लीत मासे तळणाऱ्या इन्शिराहची झगरूता पार बंदरापर्यंत ऐकू जायची. लग्न असो की बारसं, जीभ नाचवत ती आनंदाची लांबलचक आरोळी द्यायची, तेव्हा कुठे घरात कार्य असल्यासारखं वाटायचं. गेलं वर्षभर मात्र तोंड उघडलं की घसा आवळायचा. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, घसा ठणठणीत. शेजारणींनी मध पाजला, दृष्ट काढली. छे! आणि शुक्रवारी तर लेकीचा, रबाबचा निकाह. लेक झगरूतेविना सासरी जाणार, या विचाराने इन्शिराहला घास गोड लागेना.

शेवटी रबाबने तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं.

"मला काय वेड लागलंय?" बसायच्या आधीच ती कडाडली.

"नाही हो, मावशी," नेरमीन डॉक्टर म्हणाली. "शेवटची झगरूता कधी दिलीत?"

"विमानतळावर. माझा लेक वजदी कॅनडाला निघाला तेव्हा. सगळ्या म्हणाल्या, दे. दिली."

"द्यावीशी वाटत होती?"

इन्शिराहचा हात आपसूक गळ्याकडे गेला. "मला ओरडायचं होतं. जाऊ नकोस म्हणून."

"हे वजदीला ठाऊक आहे?"

"त्याला कशाला घोर लावू?" ती पुटपुटली. मग म्हणाली, "म्हणजे घसा रुसलाय होय माझ्यावर?"

वजदीला सांगायला तिने दोन दिवस टाळाटाळ केली. बुधवारी दुपारी बोय माशांना पीठ चोळताना वजदीचा फोन आला.

"आई, आज काय तळतेयस?"

"वजदी, तू जायला नको होतास मला."

तो म्हणाला, "ठाऊक आहे. तुझी झगरूता मध्येच फाटली होती. मी विमानात बसून रडलो."

"आणि मेल्या, मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस!"

इन्शिराह हसली, रडली, पिठाच्या हातांनी डोळे पुसले. आणि तिच्याही ध्यानात यायच्या आधी घशातून झगरूता सुटली, लांब, अखंड.

"आई, शुक्रवारसाठी ठेव थोडी!" रबाब आतून ओरडली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

समोरची खिडकी उघडली. "कुणाचं जमलं गं?" शेजारीण उम्म सईदने विचारलं.

"कुणाचं नाही!"

"मग मासे तळताना कसला आनंद?"

"आनंद कसला! माझा लेक लांब आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही, त्याची आहे ही झगरूता!"

उम्म सईदचाही थोरला मुलगा कुवेतला होता. मग तिनेही खिडकीतून झगरूता दिली.